जुन्या लेथची दुरुस्ती : नवशिक्याचा अनुभव

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या विहिरीवर किंवा नदीकांठीं आज पंप बसलेला आहे, आणि ज्याच्या दारीं पंप त्याच्या दारीं केव्हां ना केव्हां लेथवाल्याचें काम हें यावयाचेंच. शाफ्ट झिजतो, बुश सैल होतो, ग्लँडची दोरी कितीहि आवळली तरी पाण्याची धार थांबत नाहीं, आणि मग चैत्रांतल्या भर उन्हांत तो जड पंप कसाबसा बांधून तालुक्याच्या गांवीं न्यावा लागतो. तेथें लेथवाला "चार दिवसांनीं या" म्हणतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्याच्यापुढें आपल्यासारखे दहा जण आधींच बसलेले असतात. परंतु त्या चार दिवसांत उभ्या पिकाचें काय होतें हें या मासिकाच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. दोन उन्हाळ्यांपूर्वीं आमच्यावर हा प्रसंग एकाच महिन्यांत दोनदां आला, आणि त्या त्राग्यांत आम्हीं एक लहान जुना लेथ विकत घेतला. पुढें अकरा महिने त्या लेथनें आम्हांस जें शिकविलें तें येथें सांगण्याचा विचार आहे. आम्ही कारागीर नव्हों. महसूल खात्याच्या कारकुनींत जन्म गेला आणि हातांत पाना आला तो निवृत्तीनंतरच. म्हणूनच नवशिका माणूस ज्या चुका करतो त्या बहुतेक आम्हीं करून पाहिल्या आहेत, आणि कुशल मिस्त्रीस ज्या गोष्टी सांगण्याजोग्या वाटत नाहींत त्याच आम्हांस अगत्याच्या वाटतात.

लेथ बहुतेकांनीं पाहिलेला असतो, पण त्याच्या अंगोपांगांकडे निरखून पाहण्याचें कारण पडलेलें नसतें. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, लेथवर धातु फिरतो. फरक इतकाच कीं कुंभाराचीं बोटें त्याच्या नजरेनें चालतात, तर लेथचें हत्यार एका सरळ लोखंडी मार्गावरून चालतें. तो मार्ग म्हणजे बेड. बेडवर डावीउजवीकडे सरकते ती गाडी, तिच्यावर मागेंपुढें सरकते ती क्रॉस-स्लाइड, आणि तिच्यावर बसविलेलें असतें तें पोलादी हत्यार. डाव्या टोंकास हेडस्टॉक; त्यांत काम फिरविणारें स्पिंडल आणि स्पिंडलच्या तोंडाशीं काम आवळून धरणारा चक. उजव्या टोंकास लांब कामाला टेकू देणारा टेलस्टॉक. इ. स. १८०० च्या सुमारास लंडन येथील हेन्री मॉड्स्ले यानें हत्यार हातांत न धरतां असें गाडीवर बसवून, ती गाडी लांब स्क्रूनें चालविणारा सबंध धातूचा लेथ सिद्ध केला. तेव्हांपासून कामाचा खरेपणा माणसाच्या हातावर न राहतां बेडच्या सरळपणावर येऊन पडला. ही एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील हकीकतीचा बराचसा भाग तिच्यावरच उभा आहे.

आमचा लेथ मायफर्ड कंपनीचा, 'एम्. एल्. ७' या नमुन्याचा. इंग्लंडांत नॉटिंगहॅमजवळ बीस्टन येथें या कंपनीचा कारखाना होता, आणि हा नमुना तिनें १९४६ सालीं बाजारांत आणला. त्या देशांत घरामागच्या खोपटांत बसून लहान वाफेचीं इंजिनें व तत्सम वस्तु हौसेनें घडविणाऱ्या लोकांचा मोठा वर्ग पूर्वींपासून आहे. 'मॉडेल एंजिनियर' हें त्यांचें नियतकालिक १८९८ सालीं सुरू झालें. अशा हौशी लोकांकरितांच हा लेथ केलेला. बेडपासून केंद्राची उंची साडेतीन इंच, दोन केंद्रांमधील अंतर वीस इंच. बीस्टनचा कारखाना २०११ सालीं बंद पडला, तरी या लेथचे सुटे भाग अजून मिळतात. जुनें यंत्र घेणारानें किंमतीच्याहि आधीं हें पाहावें. आपल्याकडे किर्लोस्करांनीं १९४१ सालीं हरिहर येथें काढलेल्या कारखान्याचे लेथ अनेक गांवांत आहेत. आमच्या गांवच्या मिस्त्रींचा लेथ त्यांपैकींच एक. तसा जड लेथ मिळाला व ठेवावयास जागा असली तर शेतकऱ्याच्या कामास तोच अधिक बरा. आमचा लेथ पंपाचा बुश, फवारणी पंपाची झडप, अवजाराची खीळ एवढ्यापुरता आहे. रोटाव्हेटरचा शाफ्ट घेऊन त्याच्यापुढें कोणी जाऊं नये.

एका शिक्षणसंस्थेनें मोडींत काढलेल्या सामानाच्या लिलावांत तो आम्हांस मिळाला. नोकरींत लिलाव पुष्कळ पाहिले होते. बोली कोठें थांबवावी हें दुसऱ्यास सांगण्याइतकें ज्ञान आमच्याजवळ होतें. त्या दिवशीं आम्ही स्वतः मात्र थांबलों नाहीं, आणि एकवीस हजार रुपयांस लेथ आमच्या नांवावर पुकारला गेला. टेंपोंतून उतरणारी ती तांबडी, गंजलेली वस्तु पाहून घरच्या मंडळींनीं "हें वजनावर घेतलें का?" एवढेंच विचारलें. पेन्शनीच्या पैशांतून आलेली वस्तु असल्यामुळें तो प्रश्न आमच्या मनांत बरेच महिने राहिला.

नवशिक्याची पहिली ओढ रंगाकडे असते. जुनें यंत्र घरीं आलें कीं तें खरवडून, घांसून, हिरवें किंवा निळें करून टाकावें असें वाटतें. आम्हीं दुसऱ्याच दिवशीं जाड पॉलिश कागद आणून बेड घांसावयास घेतला होता, तोंच मिस्त्री दारांत आले. "भाऊसाहेब, तो कागद आधीं खालीं ठेवा. गंज काढतां कीं बेड काढतां?" त्यांचें म्हणणें असें कीं, बेडचा माथा कारखान्यांत जो सपाट केलेला असतो तो हातानें घांसून परत सपाट होत नाहीं, जेथें हाताचा जोर अधिक पडतो तेथें खळगा पडतो. शिवाय त्या कागदाचे कठीण कण बिडाच्या बारीक छिद्रांत रुतून बसतात आणि पुढें वर्षानुवर्षें गाडीच्या पोटाला कानशीसारखे खात राहतात. बेडसाठीं डिझेल, पितळी तारेचा ब्रश आणि जुनें सुती धोतर एवढेंच साहित्य घ्यावें. चिकटून बसलेला काळा राप असेल तेथें दाढीच्या पात्याची कड आडवी धरून तो अलगद सोलून काढावा. आम्हांस यास सहा दिवस लागले. बेडवर मधून मधून काळपट डाग राहिले ते राहूं दिले. डागानें माप चुकत नाहीं.

हँडलें, नट-बोल्ट, पट्ट्याच्या खोक्याचें झांकण असे जे भाग मापाचे नाहींत त्यांच्या गंजावर मात्र एक उपाय आमच्या ऊसकऱ्यांच्या घरचाच आहे. तो म्हणजे काकवी. चांगली काकवी यांत घालूं नये. गुऱ्हाळावर आंबलेली, खाण्यास निरुपयोगी झालेली जी असते ती घ्यावी. एक भाग काकवी व नऊ-दहा भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिपांत कालवून त्यांत तेलकटपणा काढून टाकलेले भाग बुडवून ठेवावे. काकवींतील सौम्य आम्लें व तिचे इतर घटक गंज धरून विरघळवितात, आणि खालच्या चांगल्या लोखंडास त्यांचा उपद्रव त्या मानानें थोडा होतो. आठ दिवसांनीं एकदां काढून पाहावें. फार गंज असला तर पंधरा दिवस लागतात. काढल्याबरोबर धुऊन, उन्हांत कोरडे करून लागलीच तेल लावावें, नाहीं तर तासाभरांत पुन्हां तांबूस झांक येते. यांत तीन पथ्यें आहेत. ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग पिपांत चुकूनहि टाकूं नये, तो खाल्ला जातो. बिडाचा भाग फार दिवस ठेवूं नये, त्याचा पृष्ठभाग काळा व मऊ पडतो. आणि बेड, गाडी, स्पिंडल यांस हा उपाय मुळींच करूं नये. याखेरीज पीप घरापासून लांब ठेवावें. आम्हीं तें मागील दारीं ठेवलें होतें. गल्लींतील सर्व मुंगळे आणि त्या वासाविषयीं घरच्या मंडळींचीं मतें या दोहोंचा त्रास पंधरा दिवस सोसला.

आतां आमच्या खऱ्या चुकीकडे येतों. लेथ खोलतांना आम्हीं आमच्या पेशाला शोभेल असें दप्तर ठेवलें होतें. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं मोबाइलवर छायाचित्र, प्रत्येक स्क्रूची वेगळी पुडी, पुडीवर क्रमांक, आणि वहींत त्या क्रमांकापुढें वर्णन. पंचनाम्यांत मुद्देमाल नोंदवावा तसें सर्व नोंदविलें. या कामीं आम्हांस थोडा गर्वहि झाला होता. हेडस्टॉकचीं बेअरिंगें उघडलीं तेव्हां मात्र ज्या वस्तु नोंदवावयाच्या त्या वस्तु आहेत हेंच आमच्या लक्षांत आलें नाहीं.

या लेथच्या स्पिंडलचीं बेअरिंगें आजच्याप्रमाणें गोळ्यांचीं नसून व्हाइट-मेटल नांवाच्या मऊ, पांढऱ्या मिश्रधातूचीं, दोन अर्धगोलांत विभागलेलीं असतात. खालचा अर्ध हेडस्टॉकमध्यें, वरचा अर्ध टोपीमध्यें, आणि दोहोंमध्यें स्पिंडल. टोपी पूर्ण आवळली तर स्पिंडल जखडून जाईल, म्हणून टोपीच्या दोन्ही बाजूंस खालीं पितळी शिम घातलेले असतात. हा शिम दिसावयास एक पट्टी दिसतो, पण ती पट्टी केसाहून पातळ अशा अनेक पापुद्र्यांची, एकावर एक चिकटवून केलेली असते. बेअरिंग झिजून सैल झालें कीं दोन्ही बाजूंचा एकेक पापुद्रा सोलावयाचा, टोपी तितकी खालीं बसते व स्पिंडल पुन्हां नेटकें फिरूं लागतें. योजना फार सुंदर आहे. तिच्यांत अडचण एकच, सोललेला पापुद्रा परत चिकटत नाहीं.

आम्हीं चारहि शिम डिझेलांत एकत्र धुतले. कोणता पुढल्या बेअरिंगचा, कोणता मागल्याचा, कोणता डाव्या बाजूचा, कोणता उजव्या, याची खूण राहिली नाहीं. परत बसविल्यावर स्पिंडल खडखड हालूं लागलें. शिमची अदलाबदल झाली असावी हें मनांत न आणतां आम्हीं बेअरिंग झिजलें आहे असें ठरविलें आणि पापुद्रे सोलूं लागलों. पुढच्या बेअरिंगचे दोन सोलले, मग आणखी एक. टोपी आवळली, हातानें फिरवून पाहिलें, जरा जड वाटलें, पण नवें काम आहे, फिरून फिरून मोकळें होईल अशी समजूत करून मोटर चालू केली. दोन मिनिटांत टोपीवर हात ठेववेना. बंद करून उघडलें तों पांढऱ्या धातूचा एक ठिकाणीं माखल्यासारखा डाग पडलेला. त्या रात्रीं आम्ही जेवलों नाहीं असें म्हटलें तरी चालेल. व्हाइट-मेटल पूर्ण वाहून गेलें असतें तर नवें ओतून घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि आमच्या मनानें तर तें वाहून गेलेंच होतें.

सकाळीं मिस्त्रींनीं पाहिलें. डाग वरवरचा होता. त्यांनीं तो हात-स्क्रेपरनें अगदीं हलकेच काढला, स्पिंडलला निळा रंग पुसट लावून तें बेअरिंगमध्यें फिरवून पाहिलें, आणि रंग जेथें दाट उठला तेथेंच पुन्हां स्क्रेपर फिरविला. नंतर मायक्रोमीटरनें चारहि शिम मोजून आम्हांस वहींत लिहावयास सांगितले. हें काम आम्हीं धुण्यापूर्वीं करावयाचें होतें. जास्त सोलल्या गेलेल्या बाजूंसाठीं कोल्हापूरच्या उद्यमनगरांतून पितळेचा पातळ शिम-पत्रा आणून त्याचे तुकडे कात्रीनें कापून घातले. कसोटी त्यांनीं अशी दाखविली : चकामध्यें हातभर लांब सळई धरावी, स्पिंडलच्या तोंडावर डायल गेजची सुई टेकवावी आणि सळई हातानें उचलावी. सुई जितकी हालेल तितकी बेअरिंगमध्यें जागा. एक ते दीड सहस्रांश इंच राहिली तेव्हां मिस्त्रींनीं मान डोलावली. टोपी पूर्ण आवळलेली असतां स्पिंडल हातानें सहज फिरलें पाहिजे. सैल ठेवलेल्या बोल्टाच्या भरंवशावर बेअरिंग मोकळें करणें हें कधींहि करूं नये. तेल पातळ, हायड्रॉलिक ३२ क्रमांकाचें घातलें. घट्ट तेल घातल्यानें झिजलेलें बेअरिंग सुधारत नाहीं, तें फक्त कांहीं वेळ गप्प बसतें.

बेडचा प्रश्न याहून मोठा होता. गाडी चकाजवळ असतां तिला हातानें आडवी हालवितां येत असे. ती डगडग काढण्यासाठीं गिबचे स्क्रू आवळावे तर गाडी टेलस्टॉककडे नेतांना मध्यावरच अडकून बसे. याचें कारण उघड आहे. लेथवरील बहुतेक काम चकाजवळच्या आठ-दहा इंचांत होतें, त्यामुळें बेड तेथेंच झिजतो. टेलस्टॉककडील टोंक नव्यासारखेंच राहतें. मिस्त्रींचें मत बेड उतरवून ग्राइंडिंग करून आणावा असें पडलें. चौकशी केली तों जाण्यायेण्यासह खर्च लेथच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक निघाला. त्याखेरीज बेड जितका घांसावा तितकी गाडी खालीं बसते आणि मग तिच्यांतून जाणारा लांब स्क्रू, त्याचा नट, सर्वांचीच उंची पुन्हां जुळवावी लागते.

येथें आमचा जुना धंदा उपयोगी पडला. हद्दीच्या वादांत जमीन मोजावयास जातात तेव्हां बांधावरून मोजीत नाहींत. बांध दरसाल नांगराच्या तासानें थोडा थोडा सरकत असतो, आणि तो नेहमीं दुबळ्या शेजाऱ्याच्याच बाजूस सरकतो. मोजणीदार आधीं न हललेला दगड शोधतो आणि तेथून सांखळी धरतो. लेथच्या बेडवरहि न हललेला दगड कोठें आहे हें आधीं पाहावें असें आमच्या मनानें घेतलें.

एम्. एल्. ७ च्या बेडला दोन सपाट रूळ असतात, एक पुढें व एक मागें. जुन्या बांधणीच्या लेथांत गाडी आडवी हालूं नये म्हणून ती फक्त पुढच्या रुळाला त्याच्या दोन उभ्या बाजूंनीं चिमट्यांत धरल्यासारखी धरून चालते. आम्हीं पुढच्या रुळाची रुंदी दर दोन इंचांवर मायक्रोमीटरनें मोजली. टेलस्टॉककडील टोंकापेक्षां चकाजवळ ती पांच सहस्रांश इंच कमी भरली. मग मागच्या रुळाची पाठीमागची उभी बाजू पाहिली. तिला जन्मांत कशाचाहि स्पर्श झालेला नव्हता. कारखान्यांतील ग्राइंडिंगच्या बारीक रेघा तिच्यावर जशाच्या तशा होत्या. न हललेला दगड तो हा.

इंग्लंडांतील हौशी कारागिरांनीं या लेथवर हीच युक्ति फार पूर्वीं केलेली आहे आणि पुढें खुद्द कारखान्यानेंहि नव्या लेथांत तीच पद्धत घेतली, हें आम्हांस मागाहून कळलें. गाडीची मागची कड मागच्या रुळाच्या पाठीमागें खालीं उतरलेली असते, पण ती रुळाला लागत नाहीं, मध्यें फट असते. त्या फटींत बसेल अशी सपाट घांसलेली पोलादी पट्टी गाडीच्या कडेला आंतून दोन लहान स्क्रूंनीं व धातु चिकटविण्याच्या लुकणानें बसवावयाची. पट्टीची जाडी फटीपेक्षां किंचित् अधिक घेतली म्हणजे गाडी केसभर मागें सरते व पुढच्या रुळाच्या झिजलेल्या आंतल्या बाजूवरून मोकळी होते. मग गाडी टेकते ती मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि पुढच्या गिबचें काम तिला तेथें दाबून धरण्यापुरतें राहतें. खर्च म्हणाल तर पट्टीचे व स्क्रूचे मिळून चारशें रुपयांच्या आंत. गिब टेलस्टॉककडे अजून थोडी आवळते, कारण पुढच्या रुळाची बाहेरची बाजूहि जरा झिजलेली आहेच. पण चकाजवळची डगडग गेली.

बेडच्या माथ्यावर खोलवर झालेली झीज मात्र आम्हीं तशीच ठेवली आहे, आणि ती कां ठेवली हें सांगणें अवश्य आहे. माथा झिजल्यानें हत्यार खालीं उतरतें. बाजू झिजल्यानें तें कामाकडे किंवा कामापासून दूर सरकतें. नवशिक्यास दोन्ही दोष सारखेच भयंकर वाटतात, पण ते सारखे नाहींत. हत्यार आडवें एक सहस्रांश इंच सरकलें तर कामाचा व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन सहस्रांशानें चुकतो. तेंच हत्यार तीन सहस्रांश खालीं उतरलें तर एक इंची गजाच्या व्यासांत पडणारा फरक एका सहस्रांशाच्या पन्नासाव्या भागाइतकाहि नसतो. गोल वस्तूच्या ऐन कडेशीं बोट किंचित् खालीं सरकविलें तरी मध्यापासूनचें अंतर जवळजवळ तेंच राहतें, म्हणून असें होतें. तेव्हां डोळ्यांना दिसणारी माथ्यावरची झीज पाहून घाबरूं नये, आणि डोळ्यांना न दिसणारी बाजूची झीज मोजल्यावांचून राहूं नये. आम्ही माथ्यासाठीं ग्राइंडिंगला पैसे घालणार होतों, आणि दोष होता बाजूंत.

यानंतर लेथ बसविणें. बाजेचा एक पाय आखूड असला तर माणूस निजल्यावर बाज पिळते. बेडहि तसाच पिळतो, बीड कितीहि कठीण दिसलें तरी. लेथ ज्या टेबलावर बसवावयाचा तें जड असावें, आणि पायांचे बोल्ट आवळण्यापूर्वीं व आवळल्यावर पाहावें. तपासणी अशी : इंच-सव्वा इंच जाडीचा गज चकांत धरून सहा इंच बाहेर काढावा, टेलस्टॉक लावूं नये, आणि गजाच्या दोन्ही टोंकांशीं एकेक कडें ठेवून मधला भाग कमी करावा. मग हत्यार न हालवितां दोन्ही कड्यांवर अगदीं बारीक काप घेऊन दोन्ही मोजावीं. आमचें बाहेरचें कडें चार सहस्रांशानें मोठें भरलें. म्हणजे त्या टोंकास हत्यार आपल्या बाजूकडे झुकलें होतें. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखालीं शिम-पत्र्याचा तुकडा घालून बेडचा पीळ काढला; तिसऱ्या खेपेस दोन्ही कडीं अर्ध्या सहस्रांशाच्या आंत जुळलीं. एका आठवड्यानें पुन्हां मोजावीं, कारण लाकडी टेबल पावसाळ्यांत आपलें मत बदलतें.

मळणी यंत्रानें हात गेल्याचीं उदाहरणें आपल्या प्रत्येक गांवीं आहेत, म्हणून लेथच्या धोक्याविषयीं फार लिहीत नाहीं. उपरणें, मफलर, लांब बाहीचा सदरा, हातमोजे यांपैकीं कांहींहि अंगावर असतां लेथ चालू करूं नये. चकाची किल्ली चकांत ठेवून हात काढावयाचा नाहीं. मिस्त्री तिच्याविना दुसऱ्या कशासहि हात लावूं देत नसत. या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनीं बसतो, त्यामुळें एकदम उलटा फिरविला तर सुटून अंगावर येतो. जुन्या मोटरीच्या तारांचें वेष्टण हात लावतांच भुगा होत होतें. सर्व तारा नव्या घातल्या, भूमितार जोडली आणि गळतीचा प्रवाह तोडणारें स्विच बसविलें. ओल्या पायानें पंप चालू करणाऱ्या आम्हां लोकांना ही संवय नव्यानेंच लावून घ्यावी लागते.

गेल्या फाल्गुनांत पंप पुन्हां गळूं लागला. आम्हीं तो खोलला, जुना बुश ठोकून काढला, गनमेटलचा तुकडा चकांत धरला आणि दोन दिवसांत तीन बुश केले. पहिला आंतून मोठा झाला. दुसरा बाहेरून चार सहस्रांश लहान झाला, म्हणजे घरांत फिरला असता. तिसरा बसला. मिस्त्री येऊन पाहून गेले. बोलले कांहीं नाहीं, पण दुसरा बुश खिशांत घालून घेऊन गेले, एका लहान पंपास तो चालेल म्हणून. ग्लँडची दोरी नवी घालून पंप चालू केला तेव्हां एकेक थेंब पडूं लागला, आणि तो तसा पडलाच पाहिजे, अगदीं कोरडी ग्लँड शाफ्ट खाते. पहिल्याच पाळीस तो रात्रभर चालला. सकाळीं घरच्या मंडळींनीं आंगणांतील पाण्याच्या टांकींत हात बुडवून पाहिला आणि बुश किती रुपयांस पडला हें विचारलें. लेथचा खर्च त्यांत धरावयाचा कीं नाहीं, यावर अजून आमचा हिशेब मिटलेला नाहीं.

लेथवर अद्याप एक दोष शिल्लक आहे. गाडी लांब स्क्रूवर पकडणारा अर्धा-नट झिजलेला असून आटे पाडतांना तो मधून मधून सुटतो. तो नवा मागविला आहे. तोपर्यंत आटे पाडण्याचें काम आम्हीं हातीं घेतलेलें नाहीं.